सहा दिशांचा नमस्कार

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात 'सिगालोवाद सुत्ता'चे वाचन ठेवले होते. वाचन संपल्यावर, कुणाला काही विचारायचे आहे का, असे नेहमीप्रमाणे विचारले. पुरुष मंडळी गप्पच होती. मागच्या सतरंजीवरून एक उपासिका उठल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या या बाई विहारात सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात रोज वंदना होते. बाबासाहेबांच्या फोटोचा हार कधी चुकत नाही. पण पोरीच्या लग्नाला आमच्या ह्यांनी कर्ज काढलं, ते मला दारात वसुलीवाला आला तेव्हा कळलं. मग आमच्या घरात धम्म आहे का नाही, तेवढं सांगा."

विहारात शांतता पसरली. आम्हांलाही चटकन उत्तर सुचले नाही. परंतु उत्तर नुकत्याच वाचलेल्या सुत्तातच होते. म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर त्याच सुत्ताविषयी लिहीत आहोत.

भगवान बुद्ध तेव्हा राजगृहाजवळ वेळुवनात राहत होते. सकाळी भिक्षेसाठी निघाले असता त्यांना सिगाल नावाचा तरुण दिसला. ओले केस, ओली वस्त्रे, आणि हात जोडून तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत होता. हे कशासाठी, असे भगवंतांनी विचारले. तो म्हणाला, "वडिलांनी मरताना सांगितले होते, म्हणून करतो." नमस्कार कुणाला आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हते. बापाने सांगितले, पोराने चालविले.

भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही. आर्यांच्या विनयात सहा दिशांचा नमस्कार असा करीत नाहीत, एवढेच ते म्हणाले, आणि त्या सहा दिशा कोणत्या ते त्यांनी समजावून दिले. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे, आणि वरची दिशा म्हणजे शीलवान श्रमण. या सहा नात्यांतील कर्तव्य पार पाडणे हाच सहा दिशांचा नमस्कार. दिशेला जोडलेले हात भगवंतांनी माणसाच्या कामी लावले.

दीघनिकायातील हे सुत्त गृहस्थांचा विनय म्हणून ओळखले जाते. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपासकांच्या विनयाचा स्वतंत्र भाग आहे, आणि सिगालाला केलेला हा उपदेश त्यात आहे. हे स्वाभाविकच आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतो, अशी बाबासाहेबांची शिकवण आहे. आणि दोन माणसे सर्वांत आधी एकत्र येतात ती घरात.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे, म्हणजे पश्चिम दिशेकडे वळू. पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि ऐपतीप्रमाणे तिला दागदागिने करणे. पत्नीनेही कामे नीट करावीत, माणसे सांभाळावीत, एकनिष्ठ राहावे, मिळकत जपावी, कामात दक्ष असावे असे सांगितले आहे. कर्तव्ये दोघांनाही आहेत, हे ध्यानात घ्यावे. चौथे कर्तव्य तर आम्ही पुरुषांनी दोनदा वाचावे. बाईला अधिकार द्या, असे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. स्त्रीला हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. आणि त्यांचे अनुयायी असलेल्या आमच्या घरात किती कर्ज आहे, हे घरच्या बाईला वसुलीवाल्याकडून कळावे काय?

पूर्व दिशा आईवडिलांची. म्हातारपणी त्यांना पोसणे हे मुलांचे कर्तव्य. पण आईवडिलांचेही कर्तव्य आहे: मुलांना वाईटापासून रोखावे, चांगल्या मार्गाला लावावे, विद्या आणि कसब शिकवावे. दक्षिण दिशेच्या गुरूने आपल्याजवळची विद्या शिष्यापासून लपवून ठेवू नये, असे सांगितले आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या कानावर विद्येचा शब्द पडू दिला गेला नाही, त्यांना या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको. वस्तीत जो मुलगा शिकला, त्याने धाकट्यांचा अभ्यास घ्यावा, म्हणजे ही दिशा राखली गेली.

उत्तर दिशा मित्रांची. नुसते घेणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा हा मित्र नव्हे. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या वाटेवर गाठणारे कोण असतात, ते आपण जाणतो. दारूचे सहा तोटे भगवंतांनी याच सुत्तात मोजून सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. जुगाराचाही समाचार तेथेच घेतला आहे. मटक्याचा आकडा असो की हातातल्या मोबाईलवरचा डाव असो, घर बुडवण्याची रीत एकच.

खालची दिशा आपल्या श्रमिकांच्या जिव्हाळ्याची. मालकाने कामगाराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. कामगाराकडे माणूस म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्या कामातही दिसते. कंत्राटदाराकडे आपण हे मागावेच. पण आपल्या हाताखाली एखादा पोऱ्या असेल, तर त्याच्याशी आपण कसे वागतो, हेही तपासावे. वरची दिशा शीलवंतांची. त्यांच्यासाठी दार उघडे असावे, मन मैत्रीचे असावे.

पैशाबद्दलही या सुत्तात हिशेब आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक खर्चावा, दोन कामधंद्यात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखावा. आजच्या तुटपुंज्या पगारात हे जसेच्या तसे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. मुलांचे शिक्षण हाच आपला धंदा समजावा, आणि आजारपणासाठी थोडे तरी बाजूला पडावे. बँड, मंडप आणि मानपानासाठी मात्र चारही भाग उडवून पुढच्या पाच वर्षांची मिळकत गहाण टाकणे, हे या हिशेबात कोठेच बसत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या वाडवडिलांनी देव्हारे उतरविले. ते मोठ्या धैर्याचे काम होते. पण रिकाम्या कोनाड्यात फोटो ठेवून आपण थांबलो, तर आपलाही सिगाल होईल. हात जोडलेले, अंग ओले, आणि का जोडतो ते ठाऊक नाही.

त्या दिवशी आम्ही त्या उपासिकेला एवढेच म्हणालो, "ताई, तुमच्या घरात वंदना आहे. धम्म अजून उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत घेणे दोघांच्या हातात आहे." त्यांचे पती तेथेच खाली मान घालून बसले होते. पुढच्या रविवारी ते स्वतः आमच्याकडे आले आणि म्हणाले, "कर्जाचा कागद तिच्या हातात दिला. पोरीनं वाचून दाखवला. हप्ता किती, राहिलं किती, सगळं."

कर्ज फिटलेले नाही. फिटायला वेळ लागेल. पण त्या घरात पश्चिम दिशेला नमस्कार सुरू झाला आहे.

वाचकहो, येत्या पगाराच्या दिवशी रात्रीची वंदना झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा. आलेला पैसा, देणे आणि मुलांच्या फीचा आकडा सर्वांसमोर मांडा. बाईला आधी बोलू द्या. तोही धम्माचाच पाठ आहे.

जय भीम!