चुंबक चिकटत नाही, म्हणून ३०४?

मालवणला मित्राच्या नव्या घराचं स्टीलचं रेलिंग बघितलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके! विकणाऱ्याने म्हणे चुंबक लावून दाखवलं होतं: "चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४."

ही परीक्षाच फसवी. (३०४, २०२, ४३०, ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे ग्रेड.) २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात; त्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट ४३० ला चिकटतं, आणि तेही स्टेनलेसच. इंडक्शनच्या भांड्यांच्या बुडाला मुद्दाम तसलंच स्टील लावतात.

गंज अडवतं ते क्रोमियम. ते किमान १०.५ टक्के असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा तयार होतो. मिठातलं क्लोराइड मात्र हा थर जागोजागी फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात. (म्हणून स्टीलच्या पातेल्यात मीठ पाणी उकळल्यावरच घालावं.)

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. स्वयंपाकघरात उत्तम, पण खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. त्यामुळे हे स्टील क्लोराइडपुढे जास्त टिकाव धरतं.

समुद्राजवळ राहता? महाग पडलं तरी ३१६ घ्या, बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.