थंडीच्या दिवसांत पेत्रँच्या रानात

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात ऑगस्ट म्हणजे श्रावणसरींचा महिना. आपल्या बेटावर मात्र तो ऐन थंडीचा. आग्नेयेकडून वारा सुटतो, पठारावर पाऊस भुरभुरत राहतो आणि वाक्वा-क्युरपीपची मंडळी पेटीतून स्वेटर बाहेर काढतात. अशा हवेत घराबाहेर पडावेसे कोणाला वाटत नाही. पण पक्षी पाहायचे असतील तर हाच काळ उत्तम, कारण रानातले पुष्कळ पक्षी या दिवसांत जोड्या जमवून घरट्यांच्या तयारीला लागतात.

मराठीच्या तासाला मी मुलांना पक्ष्यांची नावे लिहायला सांगितली होती. मोर, पोपट, कोकिळा, कावळा, चिमणी. डोडो तर प्रत्येकाच्या पाटीवर! डोडो सतराव्या शतकातच नाहीसा झाला. पण आज जिवंत असलेला आणि जगात फक्त मॉरिशसमध्येच सापडणारा एकही पक्षी कोणाला सांगता आला नाही. म्हणून एका शनिवारी बारा मुले आणि दोन पालक यांच्यासह आम्ही ला मारीच्या रस्त्याने निघालो.

पहिला मुक्काम मार-ओ-वाक्वाच्या तलावावर. पाणी अफाट, पक्षी मात्र मोजकेच. काठच्या गवतात तांबड्या चोचीच्या दोन पाणकोंबड्या, एका दगडावर ध्यानस्थ बसलेला लहान बगळा आणि पाण्यावरून सपासप फिरणाऱ्या पाकोळ्या. त्यापुढे गंगा तलावावर गेलो. तिथे दर्शन झाले, फराळही झाला. पायऱ्यांवर दाणे टिपायला चिमण्या, होले आणि साळुंक्या यांची गर्दी होती. मुलांनी त्या पटापट ओळखल्या.

वाचकहो, इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या अंगणातले बहुतेक ओळखीचे पक्षी आपल्यासारखेच बाहेरून आलेले आहेत. ज्याला आपण ‘मार्ताँ’ म्हणतो ती साळुंकी अठराव्या शतकात टोळ खाण्यासाठी मुद्दाम आणली गेली. डोक्यावर तुरा असलेला लाल गालांचा बुलबुल १८९२ साली आला. गळ्यात पट्टा असलेला पोपट पिंजऱ्यातून सुटून रानात गेला आणि तिथेच वाढला. कोकणातल्या कोणत्याही वाडीत आजही हे तिन्ही भेटतील. त्यांची मराठी नावे आपल्या आज्यांनी सांभाळली, कारण ती त्यांच्या तोंडीच होती. या मातीतच जन्मलेल्या पक्ष्यांना मात्र मराठीत नावच नाही. नाव नाही, म्हणून ते गोष्टीत नाहीत, आणि म्हणूनच मुलांच्या पाटीवरही नाहीत, असे मला वाटते.

पेत्रँला पोहोचलो तेव्हा धुके उतरत होते. इथून मकाबेच्या रानाची वाट सुरू होते. हे सारे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान. ते १९९४ साली झाले. विस्तार सुमारे साडेसहा हजार हेक्टर, पण सगळे हिरवे म्हणजे मूळचे रान नव्हे. चांगल्या स्थितीतले मूळचे रान आता साऱ्या बेटाच्या दोन टक्केही उरलेले नाही. बाकी ठिकाणी लाल पेरूची, म्हणजे आपल्या ‘गोयाव द शीन’ची, दाटी. हंगामात आपण सगळेच तो पेरू टोपल्या भरभरून आणतो, मीठ-मिरची लावून खातो. पण त्याच्या सावलीत मूळच्या झाडांची रोपे वर येत नाहीत, आणि त्याचे बी रानभर पेरण्याचे काम करणाऱ्यांत आपला तुरेवाला बुलबुलही आहे.

वाटेवर थोडे चाललो तोच एका मुलीने मान वर केली. फांदीवर फिक्या गुलाबी अंगाचे, तपकिरी पंखांचे आणि विटकरी शेपटीचे एक मोठे कबूतर बसले होते. पायात रंगीत कड्या. अंगणातल्या कोंबडीसारखे ते निवांत होते. फ्रेंचमध्ये त्याला ‘पिजाँ दे मार’ म्हणतात. १९९० च्या सुमारास रानात अशी केवळ दहाएक कबुतरे उरली होती. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून ती रानात सोडली गेली, उंदीर आणि मांजरे यांना आवरले गेले, दाण्यांची ठाणी मांडली गेली. आज ती काही शे आहेत. पण दाणे घालणे आणि उंदीर मारणे थांबवले तर हा आकडा टिकणार नाही. पायातली कडी म्हणजे त्या कबुतराचे ओळखपत्रच. कोण जगले, कोण मेले, कोणाला किती पिल्ले झाली, याची नोंद त्यावरून ठेवतात.

पुढे उंच झाडावर दोन पोपट ओरडत आले. हे मूळचे, एको पोपट. आपल्या राघूपेक्षा गडद हिरवे, शेपटी आखूड, आवाज जाडसर. मादीची चोच काळी. १९८० च्या दशकात तेही दहाच्या आसपास उरले होते.

“गुरुजी, मग अंगणातला पोपट खोटा का?” एका मुलाने विचारले.

खोटा कसा? पण घरट्याला लागणाऱ्या झाडाच्या ढोल्या थोड्या, आणि त्यांवर डोळा ठेवून दोघेही. मी एवढेच सांगितले. पाहुणा आणि घरधनी हा प्रश्न आपल्या समाजात ज्याने अनुभवला आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

दुपारी दरीच्या कठड्यावर उभे राहिलो. खाली पांढरे, लांब शेपटीचे ‘पाय-आँ-क्यु’ तरंगत होते. ते मुलांना माहीत होते, विमानाच्या शेपटीवरच आहेत ना! केस्ट्रेल मात्र काही दिसला नाही. तासभर वाट पाहिली. पूर्वी लोक या छोट्या ससाण्याला ‘कोंबड्या खाणारा’ म्हणून गोळी घालीत. खरे तर त्याचे मुख्य खाणे पाली-सरडे. पुढे रान तुटले, हिवतापाच्या डासांसाठी डीडीटी फवारले गेले, आणि १९७४ साली रानात फक्त चार केस्ट्रेल माहीत होते. आता तो आपला राष्ट्रीय पक्षी आहे. २०२२ साली त्याला हा मान मिळाला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी आठच्या आत पेत्रँला पोहोचावे, पावसाची टोपी घ्यावी, भडक कपडे टाळावेत. पक्ष्यांना व माकडांना काही खायला घालू नये. दुर्बीण असली तर बरे, नसली तरी अडत नाही. ऑक्टोबरपासून तेर रूजच्या खाडीवर उत्तरेकडच्या थंडीतून पळून आलेले पाणपक्षी उतरतील, तेव्हा तिथेही एक फेरी करावी.

परतताना गाडीत मुलांनी नावे ठेवायला घेतली. कबुतराचे ‘गुलाबी पारवा’ एकमताने ठरले. एको पोपटाला ‘रानराघू’. केस्ट्रेलवरून मात्र ला मारीपर्यंत भांडण चालले. निम्मी मुले म्हणाली ‘दरीचा ससाणा’, बाकीची म्हणाली, आधी तो दिसू तर द्या.