पाठीशी बर्फ नसलेला धबधबा

श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शन झालं की तरुणांचे घोळके बदलापूरमार्गे कोंडेश्वर गाठतात. तिथंही महादेवच, शेजारी कोसळणारं पाणी आणि खाली कुंड. उन्हाळ्यात जाल तर कातळ ठणठणीत कोरडा. बद्रीनाथपुढच्या माणा गावाजवळचा वसुधारा धबधबा मात्र मे महिन्यातही वाहतो, कारण त्याच्या पाठीशी बर्फ आहे. हिवाळ्यात साठतो, ऊन चढेल तसा सुटतो. अशा धबधब्यांना दिवसाचंही वेळापत्रक असतं: पहाटे धार बारीक, दुपारनंतर जोर.

सह्याद्रीत हे जमणं नाही. जवळपास अंबरनाथच्याच अक्षांशावर मेक्सिकोतलं ओरिझाबा शिखर आहे आणि त्यावर हिमनदीही आहे; पण ते ५,६३६ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवरच थांबतं.

साठा नसला तरी कडे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले, काही घट्ट, काही सच्छिद्र. पाणी मऊ थर आधी पोखरतं, मग आधार सुटलेला टणक थर तुटून पडतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. पायथ्याशी दगडगोटे गरगरत राहतात, कुंड खोल होत जातं.

या कातळात पाणी मुरतं कमी. माथ्यावर सर कोसळली की थोड्याच वेळात लोंढा खाली येतो. तेव्हा कुंडाशी ऊनही पडलेलं असू शकतं. त्यात फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली, घनता घटलेली. पट्टीचा पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. कोंडेश्वरला असे जीव गेले आहेत. पावसाळ्यात तिथं जायला घातली जाणारी बंदी मला तरी जाचक वाटत नाही.

पावसावर जगणाऱ्या उल्हास नदीचीही तीच तऱ्हा. २७ जुलै २०१९ला ती फुगली आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. तरीही उन्हाळ्यात उल्हास वाहती असते. ते पाणी येतं घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणातून. टाटांच्या भिवपुरी वीजघरात ते १९२२पासून नळांतून शेकडो मीटर खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि उल्हासला मिळतं. एरवी भीमेवाटे बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं, ते आता कल्याणच्या खाडीकडे जातं.