ठिपके जातात, मासाही जातो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की शोभेचे मासे पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. माशाच्या अंगावर कुणी रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. घरमालक दुकानात जातो, हिरव्या-निळ्या औषधाची बाटली आणतो आणि लवकर गुण यावा म्हणून चार थेंबांच्या जागी आठ थेंब टाकतो. तिसऱ्या दिवशी ठिपके गेलेले असतात आणि मासाही गेलेला असतो. दोष अर्थातच रोगाला दिला जातो. मी बरीच वर्षं मासे पाळतो आहे. किल्लारी, औसा, लातूर या भागातल्या हौशी मंडळींच्या काचेच्या टाक्याही पाहत आलो आहे. माझं मत असं झालं आहे की, यातले बरेच मासे रोगानं मरत नाहीत, उपचारानं मरतात.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो आपल्याच सह्याद्रीतल्या एका माशाला. बोटिया स्ट्रायाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. दुकानात त्याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात. बोटभर लांबीचा, फिकट अंगावर गडद बारीक पट्टे असलेला, तोंडाशी मिशा असलेला आणि तळाशी दगडांच्या फटीत वावरणारा हा मासा. नारायण राव यांनी १९२० साली शास्त्राला त्याची ओळख करून दिली ती कर्नाटकात तीर्थहळ्ळीजवळच्या तुंगा नदीतून. आपल्याकडे तो कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्हापूर-सातारा बाजूच्या नद्यांत सापडतो. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही तो निसर्गतः नाही. आययूसीएन या संस्थेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. नदीचं प्रदूषण आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड, दोन्हींचा त्याला उपद्रव आहे. म्हणजे आपल्या टाकीत यातला एक मेला, तर त्याच्या जागी येणारा दुसरा बहुधा नदीतूनच उचललेला असणार. दहा रुपयांच्या गप्पीची आणि या माशाची गोष्ट म्हणूनच सारखी नाही.

आता रोगाकडे वळू. हे ठिपके बुरशीचे नसतात. तो एकपेशीय परजीवी असतो, अंगभर सूक्ष्म केस असलेला. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस असं त्याचं लांबलचक नाव १८७६ साली फूके या फ्रेंच संशोधकानं ठेवलं. अर्थ साधा आहे, ‘पुष्कळ पोरं असलेली माशाची ऊ’. नाव अगदी चपखल आहे. हा जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथेच माशाच्या पेशी खात वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे तोच, कातडीच्या पडद्याआड बसलेला. पूर्ण वाढला की तो बाहेर पडतो, तळाच्या वाळूला किंवा वनस्पतीला चिकटतो, स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत त्याचे तुकडे होत राहतात. दोनाचे चार, चाराचे आठ असे करत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं तयार होतात. ती पोहत निघतात आणि मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

साऱ्या उपचाराची किल्ली इथे आहे. कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कवचात असतानाही फारसं पोहोचत नाही. औषधाला तो सापडतो फक्त पोहणाऱ्या पिल्लांच्या अवस्थेत. तेव्हा ठिपके दिसतात म्हणून औषध दुप्पट करण्यात काहीच हशील नाही. ठिपक्यातला परजीवी पडद्याआड सुखरूप असतो आणि उघड्यावर असतात त्या माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या. वाढीव डोस त्यांनाच भोवतो. दोन दिवसांत ठिपके नाहीसे झाले तरी तो औषधाचा गुण समजू नये. परजीवी पिकून गळून पडले, एवढाच त्याचा अर्थ. ते आता तळाशी पोरं वाढवत आहेत आणि नेमकं तेव्हाच लोक औषध थांबवतात.

लोचसारखे मासे औषधांना इतके नाजूक का, याचं नेहमीचं उत्तर असं की त्यांना खवले फार बारीक असतात, म्हणून औषध अंगात जास्त मुरतं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. खवले असतात तेही कातडीच्या वरच्या थराखालीच, आणि औषध मुख्यतः आत जातं ते कल्ल्यांतून. वाहत्या, प्राणवायूनं भरलेल्या ओढ्यात वाढलेल्या माशाला कल्ल्यांवरचा ताण सहन होत नाही, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कारण काही असो, अनुभव मात्र सर्वांचा एकच आहे. सोनेरी माशाला जो डोस चालतो तो लोचला चालत नाही.

आणखी एक पंचाईत म्हणजे या माशाचे पट्टे. फिकट पट्ट्यावरचा पांढरा ठिपका दिसतच नाही. शिवाय परजीवी आधी कल्ल्यांत शिरतो तेव्हा अंगावर काहीच नसतं. तेव्हा ठिपक्यांची वाट पाहू नका. मासा दगडाला अंग घासतो आहे का, पर मिटून बसतो आहे का, कल्ले भराभर हलवतो आहे का, ते पाहा. मात्र तो एका कुशीवर आडवा पडला म्हणून घाबरू नका. लोचची झोपायची तीच तऱ्हा आहे.

उपचाराआधी पाणी मोजावं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे हिशेबानं ५६ लिटर. पण वर सोडलेली जागा, तळाची वाळू आणि दगड वजा केले तर पाणी जेमतेम ४५ लिटर भरतं. बाहेरच्या मापानं औषध टाकणारा पहिल्याच दिवशी पाव पट जास्त टाकतो. बादलीनं मोजून पाणी भरावं आणि काचेवर खूण करून ठेवावी, हे उत्तम.

आपल्याकडचं पाणी हाही वेगळा विषय आहे. काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या भांड्यात जमणारी पांढरी पापडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. अशा पाण्याचा पीएच बहुधा ७ च्या वर असतो, आणि तिथे अमोनियाचा धोका वाढतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. मिथिलिन ब्लू हे निळं औषध फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंना मारतं. मग अमोनिया साचतो आणि मासा त्यानं गुदमरतो. म्हणून चालत्या फिल्टरच्या टाकीत हे औषध मी टाकू देत नाही. तांबं असलेली औषधं लोचसाठी वर्ज्यच समजावीत. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेटही घरच्या अंदाजानं वापरण्यासारखं नाही.

मग करावं काय? आजारी मासे वीस-पंचवीस लिटरच्या रिकाम्या टाकीत घ्यावेत. तळाला वाळू नको, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा पुरे. मूळ टाकीत एकही मासा ठेवला नाही तर तिथला परजीवी आपोआप उपाशी मरतो. थंडीत मात्र त्याचा सगळा फेरा मंदावतो. म्हणून ती टाकी तीन-चार आठवडे रिकामी राहू द्यावी.

मग हीटरनं पाणी सावकाश तापवावं, काही तासांना एक अंश अशा बेतानं, २८-२९ अंशांपर्यंत. ३० च्या पुढे या माशाला नेऊ नये. उष्णतेनं परजीवीचा फेरा तीन-चार दिवसांत आटोपतो आणि तो लवकर उघड्यावर येतो. पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज गेली की हीटर बंद पडल्यानं तासाभरात काही बिघडत नाही, पंप बंद पडल्यानं बिघडतं. बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी असणं औषधाच्या बाटलीपेक्षा मोलाचं.

याच्या जोडीला मीठ. आठवडी बाजारातलं साधं जाडं मीठ चालतं. पहिल्या दिवशी लिटरला एक ग्रॅम, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी एक ग्रॅम, त्यापुढे नाही. वजन करून, तांब्याभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओतावं. मीठ उडून जात नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालावं, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच नवं मीठ.

रोज तळाचं पाच-सहा लिटर पाणी नळीनं ओढून काढावं, कारण कवचातले परजीवी तिथेच असतात. माझ्या मते अर्धा उपचार हाच. यावर आमच्या भागातला माणूस विचारणार, पाणी आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आमच्याकडे पाहुणा होताच, त्या साली पाणीही तिकडचंच आलं. छोट्या टाकीचा आग्रह मी धरतो तो त्यामुळेच. रोज पाच लिटर बदलणं दुष्काळातही जमू शकतं, पन्नास लिटर जमत नाही. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरिन असतो. ते दिवसभर उघडं ठेवून हवा सोडावी किंवा बादलीला हायपोचे दोन-तीन लहान खडे टाकावेत. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुताना वापरायचे तोच हा हायपो.

एवढ्यानं चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तरच औषध. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध बाटलीवरच्या निम्म्या प्रमाणात, तेही संध्याकाळी दिवा मालवून. त्याआधी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. गरम पाण्यात हे औषध जास्त जहाल होतं, म्हणून तापमान आधी २६ वर आणावं. मासा पृष्ठभागाशी येऊन हवा गिळू लागला तर ताबडतोब निम्मं पाणी बदलावं. खाण्याच्या माशांसाठी युरोप-अमेरिकेत या रसायनावर बंदी आहे. तेव्हा हातमोजे घालावेत आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. मिठाचं पाणीही झाडांना नको.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी आठवडाभर हे सगळं तसंच चालू ठेवावं. मग तापमान हळूहळू उतरवावं आणि मीठ रोजच्या पाणीबदलात आपसूक कमी होऊ द्यावं. नवा मासा आणला तर त्यालाही याच छोट्या टाकीत तीन-चार आठवडे वेगळं ठेवावं. नदीतून पकडून पिशव्यांतून तीन-चार गावं फिरून आलेला हा मासा थकलेला असतो. जाळी, नळी, बादली दोन्ही टाक्यांना एकच वापरू नये. निदान वापरल्यावर ती कडक उन्हात खडखडीत वाळवावी. कोरडेपणा या परजीवीला मुळीच सोसत नाही, आणि किल्लारीत उन्हाची टंचाई नाही.