बार चार्ट वाचताना आधी अक्ष बघा, मग स्तंभ

व्हॉट्सॲपवर आलेला किंवा ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधला बार चार्ट आपण दोन सेकंद बघतो आणि ‘हा उंच, तो ठेंगणा’ एवढंच लक्षात ठेवतो. शाळेत यालाच स्तंभालेख म्हणायचो. पण उंची कुठून मोजली आहे हे बघितलं नाही, तर निष्कर्ष साफ चुकू शकतो. एक खरं उदाहरण घेऊ.

२०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचं प्रमाण (वय ७ वर्षं व त्यापुढे):

- केरळ: ९४.०%
- गोवा: ८८.७%
- महाराष्ट्र: ८२.३%
- गुजरात: ७८.०%
- बिहार: ६१.८%

१. अक्ष कुठून सुरू होतो?

उभा अक्ष ० पासून असेल, तर केरळचा स्तंभ बिहारच्या साधारण दीडपट दिसतो. आकडेही तेच सांगतात. आता अक्ष ६० पासून सुरू करून बघा. बिहारचा स्तंभ उरतो १.८ इतका आणि केरळचा ३४ इतका, म्हणजे जवळपास १९ पट! आकडा एकही खोटा नाही, पण चित्र फसवं झालं. बार चार्टमध्ये स्तंभाची लांबी हाच आकडा असतो, म्हणून अक्ष शून्यापासूनच हवा.

दरवेळी कुणी मुद्दाम फसवतं असंही नाही. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच अक्ष वरून सुरू करतं. तेव्हा अक्षावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये ‘मिनिमम’ला ० टाका.

२. टक्के आहेत की संख्या?

गोव्याचा स्तंभ महाराष्ट्रापेक्षा उंच आहे. म्हणून गोव्यात साक्षर लोक जास्त आहेत का? नाही. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.६ लाख होती, महाराष्ट्राची ११.२४ कोटी. हा चार्ट प्रमाण दाखवतो, माणसांची संख्या नाही.

३. वर्णन कसं लिहायचं?

आधी विषय, वर्ष आणि एकक सांगा. मग सर्वात मोठा व सर्वात लहान आकडा आणि त्यांतला फरक. उदाहरणार्थ: ‘२०११ मध्ये या पाच राज्यांत साक्षरता केरळमध्ये सर्वाधिक (९४.०%) आणि बिहारमध्ये सर्वात कमी (६१.८%) होती. फरक ३२.२ टक्केबिंदूंचा.’

इथे ‘टक्के’ऐवजी ‘टक्केबिंदू’ का? महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९% होती, २०११ मध्ये ८२.३% झाली. ही वाढ ५.४ टक्केबिंदूंची आहे, पण मूळ आकड्याच्या तुलनेत ती सुमारे ७% भरते. दोन्ही बरोबर, फक्त कुठली सांगतोय ते स्पष्ट हवं.

आणि हो, ‘केरळ पुढे का?’ याचं उत्तर या चार्टमध्ये नाही. ते वर्णनात घुसवू नका.

हे वर्णन चित्राच्या ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्येही टाका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला स्तंभ दिसत नाहीत. त्याच्यासाठी तुमची दोन वाक्यं हाच चार्ट असतो.