हंसविणाऱ्याचें दुखणें

संस्कृत नाटकांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस विदूषक ठाऊक असतोच. राजाचा जिवलग सखा, मोदकांचा लोभी, वेडेंवांकडें बोलणारा आणि वेडेंवांकडें दिसणारा! परंतु या विदूषकाच्या स्वतःच्या घरीं काय चालत असेल, त्यास रात्रीं झोंप कशी लागत असेल, हें नाटककार आपणांस सहसा सांगत नाहींत. भरतमुनींनीं हास्यरसाचे दोन प्रकार केले आहेत : एक आत्मस्थ, म्हणजे स्वतः हंसणें, आणि दुसरा परस्थ, म्हणजे दुसऱ्यास हंसविणें. हे दोन्ही एकाच मनुष्याच्या ठिकाणीं सदैव नांदतात असें नाहीं. परस्थ हास्याची ज्यानें आयुष्यभर खैरात केली, पण आत्मस्थ हास्य ज्याच्या वांट्याला फार थोडें आलें, अशा एका लेखक-नटाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. नांव झालें इंग्लंडांत. जन्म मात्र आमच्या नगरचा.

टेरेन्स ॲलन मिलिगन, ज्यास पुढें जग ‘स्पाइक’ मिलिगन म्हणूं लागलें, त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें झाला. वडील लिओ मिलिगन हे आयर्लंडांत जन्मलेले व ब्रिटिशांच्या हिंदी लष्करांत नोकरीस होते. आई फ्लॉरेन्स इंग्रज. उभयतांना हौशी रंगभूमीचा नाद असल्यामुळें नाट्यगुणांचें बाळकडू मुलास घरींच मिळालें. त्याचें बालपण पुण्यांत गेलें. पहिलें शिक्षण तेथल्या जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्यें व पुढचें रंगून येथें झालें. १९३० नंतर थोड्याच वर्षांत वडिलांची लष्करांतली नोकरी सुटली आणि कुटुंब इंग्लंडला परतलें. ‘परतलें’ म्हणावयाचें तें रूढीनें. त्या मुलाच्या लेखीं घर म्हणजे पुणें. उन्हांत वाढलेलें तें पोर लंडनच्या आग्नेय भागांतल्या धुरकट वस्तींत येऊन पडलें. तेथें त्यानें लहानसहान नोकऱ्या केल्या, आणि फावल्या वेळीं ट्रंपेट हें वाद्य वाजवावयास शिकून जॅझ संगीताच्या मेळ्यांत प्रवेश मिळविला.

१९४० सालीं तोफखान्यांत भरतीचें बोलावणें आलें. उत्तर आफ्रिकेंतली एक गोष्ट त्याचा मित्र हॅरी सीकोम्ब पुढें रंगवून सांगत असे. मिलिगनच्या तुकडीची एक प्रचंड तोफ कड्यावरून निसटून खालीं गेली. खालीं सीकोम्बची तुकडी होती. जीव मुठींत धरून बसलेल्या त्या मंडळींच्या गाडीचा पडदा बाजूस सारून एका शिपायानें आंत डोकावलें आणि आमची तोफ कोणी पाहिली काय, अशी नम्रपणें चौकशी केली. हा शिपाई म्हणजेच मिलिगन.

परंतु युद्ध ही कांहीं थट्टा नव्हे. जानेवारी १९४४ मध्यें इटलींत, माँटे कॅसिनोच्या रणधुमाळींत, उखळी तोफेच्या गोळ्यानें तो जखमी झाला. शरीराची जखम भरून आली. मनाची भरली नाहीं. पुरती विश्रांति न मिळतां तो पुन्हां तोफांच्या आवाजांत गेला, तेव्हां त्याची जीभ अडखळूं लागली, कारणावांचून रडें येऊं लागलें. अधिकाऱ्यानें यास दुखणें न समजतां कर्तव्यांतली कसूर समजून त्याची पायरी खालीं आणली. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

युद्ध संपल्यावर लंडनमध्यें हॅरी सीकोम्ब, पीटर सेलर्स व मायकेल बेंटाईन यांच्याशीं त्याचें सूत जमलें. २८ मे १९५१ रोजीं बीबीसीच्या नभोवाणीवर या चौकडीचा कार्यक्रम सुरू झाला. आरंभींचें नांव ‘क्रेझी पीपल’. पुढें तोच ‘द गून शो’ या नांवानें अजरामर झाला. बेंटाईन लवकरच बाहेर पडला. उरलेल्या तिघांनीं १९६० च्या जानेवारीपर्यंत दोनशेंहून अधिक खेळ केले. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर. लॅरी स्टीफन्स व एरिक साइक्स यांचें साहाय्य असे. शिवाय अनेक पात्रांचे आवाजहि तोच काढी.

या खेळांतली गंमत समजावयास आपल्या नैयायिकांचें साहाय्य घेतां येईल. अशक्य वस्तूचीं उदाहरणें म्हणून ते शशशृंग, खपुष्प, वंध्यापुत्र अशीं नांवें घेतात. मिलिगन या वंध्यापुत्रासच घरीं जेवावयास बोलावी आणि त्याच्याशीं अत्यंत तर्कशुद्ध संभाषण करी! नेपोलियनचा पियानो पॅरिसहून इंग्लंडास आणावयाचा आहे. तर त्या पियानोचेंच जहाज करून इंग्लंडची खाडी ओलांडावयाची. पहिली पायरी खुळी; पण ती मान्य केली कीं पुढची प्रत्येक पायरी बिनतोड. नभोवाणीवर डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, हें उणें मानण्याऐवजीं त्यानें त्यालाच भांडवल केलें. जें रंगभूमीवर उभें करतां येणार नाहीं, तें नुसत्या आवाजानें श्रोत्याच्या मनांत उभें करावयाचें. योग्य आवाज मिळावा म्हणून त्यानें एकदां उपाहारगृहांतून कस्टर्ड मागवून तें स्वतःच्या पायमोज्यांत भरलें व आपटून पाहिलें, अशी आठवण सांगतात.

त्या खेळांत मेजर ब्लडनॉक नांवाचें एक पात्र आहे. हिंदुस्थानांत नोकरी केलेला, बढाईखोर, भित्रा आणि पैशाचा लोभी असा हा लष्करी साहेब. त्याचा आवाज सेलर्सचा, पण लेखणी मिलिगनची. लष्करी वातावरणांत वाढलेल्या मुलानें लहानपणींचें उट्टें येथें काढलें असें मानावयास हरकत नाहीं.

परंतु दर आठवड्यास अर्ध्या तासाचा नवा वेडेपणा निर्माण करणें हें काम माणसास पिळून काढणारें होतें. १९५२ च्या अखेरीस मिलिगनच्या मनाचा तोल सुटला. हातांत सुरी घेऊन तो आपल्याच मित्राच्या, सेलर्सच्या, दारावर गेला. त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें व बरेच खेळ त्याच्यावांचून करावे लागले. अत्यानंद व घोर विषाद यांचे झोके आळीपाळीनें देणारा हा मनोविकार त्यास जन्मभर सोडून गेला नाहीं. तरीहि काम थांबलें नाहीं. १९५९ सालीं त्यानें बालांसाठीं अर्थहीन गाण्यांचें पुस्तक काढलें. त्यांतलें एक गाणें १९९८ सालीं इंग्लंडांतल्या लोकांनीं सर्वांत आवडती विनोदी कविता म्हणून निवडलें. १९६३ सालीं ‘पकून’ ही कादंबरी आली. १९६४ सालीं ‘ओब्लोमोव्ह’ हें गंभीर नाटक करतांना त्यानें त्यांत ऐनवेळचीं इतकीं वाक्यें घातलीं कीं, त्याचें प्रहसन झालें आणि तेंच गर्दी खेंचूं लागलें! १९६९ च्या मार्चमध्यें आलेल्या ‘क्यू ५’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें त्याच वर्षीं पुढें आलेल्या मॉन्टी पायथन मंडळीस वाट दाखविली, हें त्या मंडळींनींच मोकळेपणें सांगितलें आहे. १९७१ पासून त्यानें युद्धाच्या आठवणींचे सात खंड लिहिले.

आणि हा मनुष्य कोठला म्हणावा? ज्या देशासाठीं तो लढला, त्यानेंच पुढें कायदा बदलल्यावर त्याचा जन्म हिंदुस्थानांतला व बाप आयर्लंडचा म्हणून त्याच्या पारपत्रास हरकत घेतली. राजनिष्ठेची शपथ घ्या, म्हटलें. ज्यानें रणांगणावर रक्त सांडलें त्यानें आणखी शपथ कसली घ्यावयाची? मिलिगननें नकार दिला व तो आयरिश नागरिक झाला. म्हणूनच २००१ सालीं मिळालेली ‘नाइट’ ही पदवीहि त्यास केवळ मानद अशीच मिळाली.

१९९३ सालीं त्यानें अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाच्या साहाय्यानें आपल्या विषादावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. माझ्या मतें त्याचें सर्वांत धैर्याचें काम हेंच. लोक जें माडीवरच्या खोलींत कोंडून ठेवतात, तें त्यानें ओसरीवर आणून बसविलें.

येथें एक घरगुती गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत माझा एक चुलतभाऊ मोठा नकलाकार. मुंजीच्या मांडवांत, पंगतींत, गौरी-गणपतींत त्याच्यावांचून कोणाचें चालत नसे. चाळिशीच्या सुमारास तो एकाएकीं अबोल झाला. जेवावयास खालीं येईना, दाढी करीना. काकू म्हणाल्या, “दृष्ट लागली.” दुसरे म्हणाले, “नाटकें करतो आहे, उद्यां उठेल.” आणि मी, शाळेंत पोरांस तीस वर्षें शहाणपण शिकविणारा, त्याच्या खोलीच्या दारांत उभा राहून म्हणालों, “आतां सोंग पुरे.” त्यानें माझ्याकडे पाहिलें मात्र, बोलला नाहीं. इटलींतल्या त्या अधिकाऱ्याहून मी निराळें काय केलें? सहा महिन्यांनीं धाकट्या वहिनींनीं कोणास न विचारतां त्यास डॉक्टरांकडे नेलें. ते सहा महिने त्यानें एकट्यानें कसे काढले असतील, हें आठवलें कीं आजहि घांस घशाखालीं उतरत नाहीं.

२७ फेब्रुवारी २००२ रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, इंग्लंडच्या दक्षिणेकडील राय या गांवाजवळच्या आपल्या घरीं मिलिगन वारला. विंचेल्सी येथील सेंट टॉमस चर्चच्या आवारांत त्याचें थडगें आहे. “मी आजारी आहे, हें मीं तुम्हांला सांगितलें होतें,” अशा अर्थाचें वाक्य शिळेवर असावें, अशी त्याची इच्छा. चर्चच्या अधिकाऱ्यांना तें इंग्रजींत रुचेना, म्हणून शेवटीं तें आयरिश भाषेंत कोरलें. लोक तेथें जातात, वाचतात आणि हंसतात. मीं त्याविषयीं प्रथम वाचलें तेव्हां मलाहि हंसूं आलें. दुसऱ्याच क्षणीं चुलतभावाची ती नजर आठवली.

आतां त्याच्या गोळ्यांची डबी देवघराशेजारच्या फडताळांत, सर्वांना दिसेल अशी असते. घेतल्या कीं नाहीं, हें घरांतलीं मुलें मधुमेहाच्या गोळ्यांइतक्याच सहजपणें त्यास विचारतात. गेल्या दिवाळींत त्यानें पंगतींत माझीच नक्कल केली, चष्मा नाकावर ओढून, छडी आपटीत. सारीं पोट धरून हंसलीं. मीं हंसतां हंसतां त्याच्याकडे पाहिलें. तोहि हंसत होता.