बार्बाडोसचें स्वातंत्र्य

स्वातंत्र्य म्हणजे नेमकें कोणाचें स्वातंत्र्य, हा प्रश्न बार्बाडोस बेटाच्या इतिहासांत पुनःपुनः उपस्थित होतो. कॅरिबियन बेटांच्या रांगेच्याही पूर्वेस, अटलांटिक महासागरांत एकटेंच असलेलें हें बेट सुमारें २१ मैल लांब व १४ मैल रुंद आहे. दक्षिण अमेरिकेंतून होड्यांनीं आलेल्या आदिवासींनीं तेथें शतकानुशतकें वस्ती केली होती, परंतु इ. स. १६२७ सालीं इंग्रज वसाहतवाले उतरले, तेव्हां बेट ओसाड पडलेलें होतें.

प्रथम तंबाखू व कापूस यांची लागवड झाली. १६४० नंतर डचांच्या ताब्यांतील ब्राझीलमधून ऊंस गाळून साखर करण्याची विद्या आली आणि एका पिढींत बेटाचें रूप पालटलें. जंगलें तुटलीं, जमीन मोजक्या मळेवाल्यांच्या हातीं गेली व कामासाठीं आफ्रिकेंतून हजारों गुलाम आणले गेले.

याच मळेवाल्यांना स्वतःच्या हक्कांची मोठी जाणीव होती. १६३९ सालीं त्यांची प्रतिनिधिसभा भरूं लागली. आपल्या संमतीवांचून कर बसतां कामा नये, हें तत्त्व त्यांनीं १६५२ च्या करारांत मान्य करून घेतलें. परंतु १६६१ सालीं त्याच सभेनें गुलामांविषयींचा कायदा केला. त्यानें गुलाम ही मालकाची मालमत्ता ठरली, आणि शिक्षा करतांना गुलाम मेला तरी मालक बहुधा निर्दोष सुटे. पुढें इतर इंग्रज वसाहतींनीं हा कायदा नमुना म्हणून स्वीकारला.

१८१६ च्या ईस्टर सणांत बुसा याच्या नेतृत्वाखालीं गुलामांनीं बंड केलें. इंग्लंडांत मुक्ततेचा निर्णय झाला असून मालक तो दडपीत आहेत, अशी समजूत तेव्हां पसरली होती. बुसा लढाईंत पडला आणि शेंकडों लोकांस प्राणदंड झाला. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, तरी मुदतबंद मजुरीचा जाच १८३८ पर्यंत चालला. ब्रिटिश साम्राज्यांतील मालकांस भरपाईदाखल २ कोटि पौंड मंजूर झाले. मुक्त झालेल्यांस कांहींच मिळालें नाहीं.

शरीर मोकळें झालें, पण पायाखालची जमीन मळ्याचीच राहिली. मळ्यावर काम न करणाऱ्या कुळास जागा सोडावी लागे. म्हणून मजूर सुट्या दगडांवर लहानसें लांकडी घर उभारी. हुसकावणी झाली कीं फळ्या सोडवून तें दुसरीकडे नेई. मताचा हक्कही मालमत्तेवर अवलंबून होता. १८४३ सालीं सॅम्युएल जॅकमन प्रेस्कॉड हे आफ्रिकी वंशाचे पहिले सभासद निवडून आले, तरी सामान्य मजुरास सभेचें दार बंदच होतें.

१९३७ च्या जुलैंत क्लेमेंट पेन या कामगार पुढाऱ्यास हद्दपार केल्यावरून ब्रिजटाऊनमध्यें दंगल उसळली व १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. या असंतोषांतून कामगार चळवळ संघटित झाली. ग्रँटली अ‍ॅडम्स हे तिचे प्रमुख नेते होत. १९५१ सालीं सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांवर पहिली निवडणूक झाली. सभेच्या स्थापनेपासून या दिवसापर्यंत ३१२ वर्षें लोटलीं होतीं.

१९५८ सालीं स्थापन झालेलें वेस्ट इंडीज संघराज्य १९६२ सालीं मोडलें. त्यानंतर एरोल बॅरो यांच्या नेतृत्वाखालीं ३० नोव्हेंबर १९६६ रोजीं बार्बाडोस स्वतंत्र झालें. २०२१ सालीं त्याच तारखेस तें प्रजासत्ताकही बनलें. या दोन तारखांच्या दरम्यान, १९८० सालीं, एक कायदा झाला. जगानें त्याची फारशी दखल घेतली नाहीं. त्या कायद्यानें मळ्यांवरील जुन्या कुळांना आपल्या घराखालची जागा अल्प दरानें विकत घेण्याचा हक्क दिला. हलवावें लागणारें तें लांकडी घर अखेर मालकाच्या स्वतःच्या जमिनीवर स्थिर होऊं शकलें.